एक डाउट आणि चौदा खोल्या

सावद्याहून भुसावळला निघालेल्या जीपमध्ये माझी बॅग चढवताना आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "समजलं नही त विचारजो. लाजू नको." आई डोळे पुसत होती, वहिनी फोटो काढत होती आणि मी पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपत होते. केळीच्या बागेत वाढलेली मुलगी केळीचंच काम करायला हॉलंडला चालली होती.

तिथल्या बंदराजवळच्या एका कंपनीत हिरवी केळी जहाजानं येतात आणि चौदा थंड खोल्यांत हळूहळू पिकवली जातात. त्या खोल्या हेंक नावाचे साठीचे गृहस्थ सांभाळत. त्यांच्या नोंदी तपासून मी इंग्रजीत मेल लिहायची. बोलताना अडखळलं तर हातवारे करून निभावता येतं. लिहिताना तीही सोय नसते.

दुसऱ्याच आठवड्यात हेंकच्या तापमानाच्या तक्त्यातला एक रकाना मला कळेना. आबांचं ऐकून विचारून टाकलं : 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर टेम्परेचर रेकॉर्ड्स.' वर साहेबांसकट सहा जणांना प्रत पाठवली. आपण वर्गात हात वर करून 'सर, एक डाउट आहे' म्हणतो ना, तेच माझ्या मनात होतं.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले तर हेंक शेवटच्या खोलीतून बाहेर येत होते. नाक लाल, बोटं आखडलेली. चौदाही खोल्या उघडून, केळ्यांत थर्मामीटरची सुई खुपसून त्यांनी सगळी मापं पुन्हा घेतली होती. कागद माझ्या हातात देत म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझ्या नोंदींवर कुणी संशय घेतला नव्हता. तू घेतलास, म्हणजे तुला काहीतरी दिसलं असणार. मला चूक सापडली नाही. तू दाखव."

मी कागदावरच्या त्या रकान्यावर बोट ठेवलं. "संशय नाही हो! हा रकाना कशाचा, एवढंच विचारायचं होतं."

हेंक एका खोक्यावर बसले. म्हणाले, "मग क्वेश्चन लिहायचं. डाउट म्हणजे तुझा विश्वास नाही."

लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त मी थक्क झाले. कालपरवा आलेल्या पोरीच्या एका शब्दासाठी या माणसानं चौदा खोल्या उघडल्या होत्या. माझ्या शब्दाला इतकं वजन असेल, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

पण बाकीच्या सहा जणांच्या मनात हेंकबद्दल संशय शिरला होता आणि दोन महिन्यांवर हेंकची निवृत्ती होती. मी दुसरी मेल लिहायला बसले. हेंक शेजारी बसून ओळ न् ओळ मोठ्यानं वाचू लागले. 'काइंडली डू द नीडफुल' त्यांनी खोडायला लावलं. "नेमकं काय करायचं ते सांग." 'रिव्हर्ट' गेलं, कारण त्यांच्या लेखी ते मागे फिरणं, उत्तर देणं नव्हे. दिवस-महिन्याच्या आकड्यांचा घोळ नको म्हणून तारखेतला महिना अक्षरांत आला. शेवटी चारच वाक्यं उरली. मी चुकीचा शब्द वापरला. नोंदी बरोबर आहेत. हेंकनी सगळं पुन्हा तपासलं. चूक माझी.

दुपारी साहेब स्वतः खाली आले आणि सगळ्यांसमोर हेंकचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मी तेव्हापासून मोठ्यानं वाचल्याशिवाय एकही मेल पाठवत नाही.

यंदा घरी गेले तेव्हा आमच्या केळीची काढणी चालू होती. माल परदेशी जाणार होता, म्हणून खोक्यांसाठी इंग्रजीत सूचना लिहून द्यायला व्यापाऱ्यानं मला सांगितलं. मी दोनच ओळी लिहिल्या : उन्हात ठेवू नका, आपटू नका. आबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी अक्षरांवरून चिकानं काळं पडलेलं बोट फिरवलं.

"हे तिकडचा मानूस वाचीन?"

"वाचेल, आबा."

"अन् आपुन काय म्हनतो ते त्याले समजीन?"

"समजेल."

आबा त्या कागदाकडे बघतच राहिले, आणि मी त्यांच्याकडे.

माझ्यासारखे गेलेले आणि गावी राहिलेले तुम्ही सगळेच विचारता, आता घर कुठलं? मी अजून सावदाच सांगते. तेव्हा तिथून मी एकटी निघाले होते. आता तिथल्या माणसांचं म्हणणं सोबत घेऊन निघते. त्या काढणीच्या दिवशी आबांनी पहिला कागद खोक्यावर स्वतः चिकटवला आणि निघू नये म्हणून तळहातानं दाबून धरला.