उकळी थांबली तेव्हा

नववीत शाळा सुटली. मिळेल ते काम करत चंद्रपूरकडून पुण्यात आलो आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो. तेही ‘आधी बघू, जमलं तर ठेवू’ या बोलीवर. राहायला शहराच्या कडेला, मांजरी गावात एक खोली. मागे ऊस, समोर नव्या इमारती, ओळखीचं कुणी नाही. काम गेलं तर खोलीही जाईल, ही धास्ती उठता-बसता असायची.

एका दुपारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला काचेच्या भांड्यासमोर बसवलं. आत द्रवरूप हेलियम, भयंकर थंड, तरी डाळीसारखं रटरटत होतं. पंप त्याची वाफ ओढून ते आणखी थंड करत होता.

“नुसतं बघत बसा. काही वेगळं वाटलं तर हाक मारा,” म्हणून त्या शेजारच्या खोलीत पाहुण्यांकडे गेल्या.

आणि एकाएकी उकळी थांबली. एकही बुडबुडा नाही. घरी गॅस संपला की असंच होतं. गेलं, माझ्या हातून गेलं! मी दार ढकलून पाहुण्यांसमोरच ओरडलो, “मॅडम, बंद पडलं!”

त्या धावत आल्या, वाकून पाहिलं. “अहो, बंद कसलं? याचीच तर सकाळपासून वाट बघतोय.” मग पाहुण्यांकडे वळून, “आमच्याकडे आनंदाची बातमी अशी बोंब मारून देतात.”

सगळे हसले. मीही हसलो.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी चहा माझ्यापुढे सरकवला. “हे आता अतिद्रव झालंय, उकळी थांबली ती त्याचीच खूण. वाहताना कुठे अडत नाही. काहींना वाटतं, आपण जिला रिकामी जागा म्हणतो, तीही असाच एक द्रव असेल. वस्तू खाली पडतात ते, ही जागा, हा काळसुद्धा, पाण्यावर लाट उमटावी तसं त्यातूनच उमटत असेल.”

“खरं आहे?”

“माहीत नाही. सिद्ध झालेलं नाही. आपणही त्याच्या आतलेच, बाहेर बसून बघायची सोय नाही.”

मला अर्धंमुर्धं कळलं. पण शाळा सुटल्यापासून मला बसवून कुणी काही समजावलं नव्हतं. निघताना दारात घुटमळलो. “मॅडम, उद्या...”

“उद्यापासून रोज या. आता कायमचे. आणि हाक मारायची ती जरा हळू.”

संध्याकाळी खोलीवरून आईला फोन लावला.

“आज काय केलं रे बाबू?”

“एक भांडं पाहत बसलो.”

“त्याचा पगार देतेत?”

“देतेत. अन् ठेवूनही घेतलं.”

ती हसली, जेवायला सांगून फोन ठेवला. मग खोलीत कुणाचाच आवाज उरला नाही. मी समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे, तो खरंच रिकामा आहे का म्हणून, बराच वेळ बघत बसलो.