गेरूचे पट्टे

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. मी आयुष्यात एकदाच वाटणी केली, आणि अशी केली की अजून हातखंब्याला एसटीतून उतरायची लाज वाटते.

घरात नुकता टीव्ही आला होता, त्या वर्षांतली गोष्ट. रत्नागिरीच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरचे सावंत अचानक गेले आणि तेराव्यालाच त्यांच्या मुलांनी एकमेकांची गचांडी धरली. मी घाबरलो. जिना चढताना छातीत धडधड, उतरताना धडधड. मलाही दोन मुलगे. सुधीर मुंबईला, नंदू इथेच. माझ्यामागे हेही असेच भांडले तर?

म्हटलं, जिवंतपणीच वाटून टाकू. इस्टेट म्हणजे काय, तर हातखंब्याला, आमच्या गावी असलेली हापूसची कलमं. वडील गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. तिथले शेजारी दाजी दर मे महिन्यात न चुकता आंब्याची पेटी पाठवायचे, मग जायचंय कशाला?

एका रविवारी गेरूचा डबा घेऊन गेलो. दाजी घरी नव्हते. काय कलमं होती सांगू, मोहोराने वाकलेली. सुधीरच्या खोडांना एक पट्टा ओढला, नंदूच्या खोडांना दोन.

पुढच्या रविवारी दोघांना तिथे नेऊन उभं केलं.

"विहिरीजवळचं कलम दादाला का?" नंदूने सुरुवात केली.

"मोठा आहे मी."

"मोठा आहेस तर इथे येऊन राहा. फवारणी काय मुंबईहून करणार?"

"आणि तू इथे राहून काय दिवे लावलेस?"

घटकाभरात दोघांचं बोलणं बंद. सुधीर पिशवी उचलून निघाला. मी छातीवर हात ठेवून कडेच्या दगडी गडग्यावर बसलो. सावंतांनी निदान हे पाहिलं तरी नाही.

तेवढ्यात दाजी आले. खोडं निरखत म्हणाले, "गेरू तुमी लावलात व्हय? बरा झाला, वाळवी लय लागली होती. पन असे पट्टेच का? सगला खोड रंगवायचा ना."

"दाजी, ती वाटणीची खूण आहे. आमच्या कलमांची."

"तुमची कलमा गडग्याच्या पलीकडं. ही माजी."

पलीकडे नुसती करवंदाची जाळी. जाळीत चार काटक्या.

"मग दर वर्षीची पेटी?" मी विचारलं.

"तुमच्या झाडांना कदी काय धरलाच नाय. तुमचे वडील माजे दोस्त, म्हनून माज्यातली धाडायचो."

सुधीरने पिशवी खाली ठेवली. गडग्यावरून वाकून जाळीत पाहिलं, आणि नंदूच्या खांद्यावर हात ठेवला. "हे सगळं तूच घे रे. तू इथे असतोस."

"छे, छे. मोठा तू. मान तुझा."

"नको, खरंच तुला राहू दे."

बापाच्या इस्टेटीवरून पोरं भांडतील, ही माझी भीती कायमची गेली. उरलेली दुपार मी दाजींची खोडं पुरी रंगवून देत होतो. दोघे भाऊ गडग्यावर बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते, आणि कुठे रंग राहिलाय ते मला दाखवत होते.