कोमट लाख

चाळीस वर्षं इंजिनं उघडली. करंट येतो किंवा येत नाही, तिसरं काही नसतं... एवढंच मानत आलो. कुणी भुताखेताचं सांगितलं की तोंडावर हसायचो. आता बहात्तरचा आहे, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आलापल्लीत रस्त्यालगत माझं गॅरेज आहे. वायरिंगचं काम सोमाजी करायचा, जंगलातल्या गावचा. वायर जोडली की तो टेपऐवजी पळसावरची लाख वितळवून लावायचा आणि गरम असतानाच बोटांनी दाबायचा. दर वेळी बोट भाजायचं, दर वेळी फुंकायचा.

मला घाई. इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरला करंट येतो का बघायला मी टेस्ट लॅम्पची सुई सरळ वायरीत टोचायचो.

"भाऊ, नोको टोचत जाऊ. भोकातून पानी जाते, आतून तार सडते."

"तू वायरीचा डॉक्टर हायेस काय बे?"

तो हसायचा. माझी पाठ फिरली की माझी भोकं लाखेनं बुजवायचा.

एकदा तो सुट्टीवर असताना एक व्हॅन आली. चारही इंजेक्टरना करंट देणाऱ्या वायरीत मी सुई टोचली आणि गाडी तशीच दिली. पावसाळ्यात तीच व्हॅन चंद्रपूरच्या वाटेवर सागवानात बंद पडली. आत अडलेली बाळंतीण होती. ती वाचली. बाळ नाही.

व्हॅन ओढून आणली. वायर तुटली होती ती बरोबर माझ्या भोकापाशी, आतलं तांबं गंजून हिरवं पडलेलं. सोमाजीचा जुना जोड इंचभर पलीकडे शाबूत होता. बाईच्या नवऱ्यानं विचारलं, "कोनाचं काम हाये हे?" मी तो तुकडा कापून खिशात घातला आणि म्हणालो, "सोमाजीचा जोड सुटला."

सोमाजी समोरच उभा होता. आपल्याच भाजलेल्या बोटांकडे बघत राहिला. त्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही. दोन वर्षांनी गावीच तापानं गेला.

मागच्या वर्षी, भर दुपारी, एक कार आली. एक सिलिंडर चालत नव्हता. सवयीनं सुई टोचली. करंट होता, म्हणजे इंजेक्टरच्या आतली कॉईल गेलेली असणार. ती तपासायला मीटर आणायला आत गेलो. कारवाला माझ्याबरोबरच आत पाणी पीत होता. बाहेर आलो तर... वायरीवरचं भोक लाखेनं बुजलेलं. हात लावला. लाख कोमट होती.

सोमाजी गेल्यापासून गॅरेजात लाख नाही. चूल नाही, स्टोव्ह नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी गेलो. इतकी वर्षं जपलेला तो वायरीचा तुकडा त्याच्या बायकोच्या, सुमनबाईच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तिनं तुकडा उजेडात धरून बघितला.

"जायेपर्यंत हे म्हनत होते, भाऊ, का माहाच जोड कच्चा रायला असंल."

कारच्या वायरीचं कसं झालं ते आजही सांगता येत नाही. तिनं मात्र ते विचारलंच नाही. एवढंच म्हणाली,

"लाख गरम होती म्हनता... मंग पुन्हा बोट भाजलं असंल त्याईचं."