जीवखडा खिशात होता

धानोऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडला आणि वाट आहे की नाही, इथूनच आमचा गोंधळ सुरू झाला. कधीकाळी कुणीतरी दोन्ही बाजूंना चुना फासलेले दगड मांडून माळावर पायवाट आखली होती. आता चुना उडालाय, दगड गुरांनी लाथाडलेत, आणि पाण्याने इतक्या घळी पाडल्यात की प्रत्येक घळ वाटच वाटते. वैशाखाचं ऊन. साबर आणि खुरट्या बोरी सोडल्या तर आडोसा म्हणून काही नाही. मी पुढे, आक्का मागे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, साठीला टेकलेली. ती अनवाणी होती.

का अनवाणी, तेच सांगायला बसलोय. मी फारसं बोलणारा माणूस नाही, म्हणून लिहितोय.

आमचे वडील, आबा, माघात गेले. अग्नी मी दिला. ज्याने मडक्याला भोक पाडलं तो दगड, म्हणजे जीवखडा, भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्याने फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवला. "सांभाळ रे भो. दहावालोंग तुन्हा बाप याम्हाच शे." दहाव्यापर्यंत तो घरात न्यायचा नसतो, अंगणातल्या झाडाला टांगायचा असतो, एवढं मला माहीत होतं. मी तो स्कूटरच्या डिक्कीत टाकला आणि विसरलो. कामाच्या गडबडीत वगैरे म्हणता येईल. पण खरं म्हणजे विसरलो, बस.

दहावा प्रकाशा गावी, तापीच्या घाटावर. भटजींनी हात पुढे केला, "जीवखडा द्या," आणि मला डिक्की आठवली. स्कूटर घरी होती, आम्ही जीपने आलो होतो. "गाडीत राहिला, आणतो," म्हणालो, पायऱ्या चढून वर गेलो आणि भिंतीजवळचा एक मुठीएवढा काळा दगड उचलून रुमालात गुंडाळून आणला. भटजींनी त्याला तीळपाणी घातलं. सगळं घर त्या दगडाला आबा समजून रडलं. मीही रडलो, आणि ते सोंग नव्हतं. कशासाठी रडलो ते मला सांगता येत नाही.

मग पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर तुटून पडत होते. आमच्या पिंडाकडे मान तिरकी करून बघायचे नि उडून जायचे. एकेक जण हात जोडून पुढे येऊ लागला. "आबा, केळीनी काळजी करू नका." "आबा, नातनं लगन झ्याक करसूत." काही नाही. कावळा का शिवत नाही, ते मला एकट्याला माहीत होतं. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी नदीकडे बघत उभा राहिलो.

शेवटी आक्का पुढे झाली. आबांना अखेरच्या वर्षांत एकच ध्यास होता, माळावरची दगडी लाकडं, म्हणजे कधीकाळी दगड होऊन गेलेली झाडं, पुन्हा बघायचा. तरुणपणी ते तिकडे गवत कापायला जात. तिथला एक तुकडा आमच्या खळ्यात पडलेला असायचा, विळे-कुऱ्हाडी परजायला. दिसायला बाभळीचा ओंडका, उचलायला गेलं की खांदा निखळावा. "ज्या लाकूडले कुऱ्हाड लागत नही, तेच कुऱ्हाडले धार लावस," असं म्हणून आबा स्वतःच हसायचे. आक्का माहेरी आली की तिच्या मागे लागायचे, "माले तठे ली चाल." आणि ती म्हणायची, "ऊन उतरू द्या, आबा." मग, "पाऊस जाऊ द्या, आबा."

घाटावर ती हुंदके देत म्हणाली, "आबा, मी जासू तठे. उघडा पायेसनी जासू. तोवर पायमा चप्पल घालाव नही."

आणि कावळा आला. लगेच. तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत.

तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. खडा खोटा होता, मग कावळा शिवला कशाला?

आक्का मात्र त्या दिवसापासून अनवाणी. शेतात, बाजारात, लग्नाच्या मांडवात. टाचांना भेगा, भेगांत मेण. बायका कौतुक करायच्या की बापाचा जीव लेकीत अडकला होता. ती खाली बघून म्हणायची, "मन्हामुये अडकना व्हतात आबा." मी ते ऐकायचो. होळीच्या सुमाराला पुसायचं फडकं काढायला डिक्की उघडली, तर कोपऱ्यात ती पुरचुंडी. तरीही बोललो नाही. उलट माळावर जायचा दिवस मीच पुढे ढकलत गेलो. गहू निघू दे, लग्न होऊ दे. आबांना टाळायची ती आक्काची तऱ्हा आता मी तिच्यावरच वापरत होतो.

तर त्या दिवशी जीवखडा माझ्या पँटच्या खिशात होता. तिचं लक्ष नसताना तिथेच कुठेतरी ठेवून द्यायचा, म्हणजे आबांनाही पोचवल्यासारखं होईल, असा माझा बेत. सांगायचं की नाही, हे मात्र ठरत नव्हतं. दर घळीला वाटायचं, पुढच्या घळीत सांगू.

एका बोरीखाली शेळ्या घेऊन बसलेली म्हातारी भेटली. "लाकडं कोठे शेत वं माय?" आक्काने विचारलं.

"सरपन लेवाले उनात का? ते जळत नही."

"देखाले उनूत."

"लाकूड देखाले?" तिने आम्हा दोघांकडे पाळीपाळीने बघितलं. "जा मंग. आठून खाले, मंग वर, मंग परत खाले." आणि आक्काच्या पायांकडे बघून मला म्हणाली, "तुले बूट, आनि हाई बाईले काही नही?"

आक्काच म्हणाली, "मन्हा नवस शे, माय."

खाली गेलो, वर गेलो, परत खाली गेलो आणि पुन्हा त्याच बोरीपाशी निघालो. म्हातारी पोट धरून हसली. मग तिने काठीने दिशा दाखवली.

लाकडं दिसली तेव्हा आधी ओळखलीच नाहीत. कुणीतरी सरपण पसरून ठेवलंय असं वाटलं. सालीच्या रेघा, गाठी, फांदी फुटल्याची खूण, सगळं जिथल्या तिथे. हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. भोवती ढलप्यांचा खच, कुऱ्हाडीने फोडल्यासारख्या, काचेसारख्या धारेच्या. आणि त्यांच्यात विखुरलेले माळाचे नेहमीचे काळे दगड. आक्का त्या ढलप्यांवरून चालत एका मोठ्या खोडापर्यंत गेली. त्यावर हात ठेवून म्हणाली, "उनी मी, आबा." तिची पाठ माझ्याकडे होती. मी पुरचुंडी सोडली, खडा हळूच खाली ठेवला, फडकं खिशात घातलं.

ती वळून खोडाच्या कडेला टेकली. तळपाय उलटा करून त्यातली ढलपी काढू लागली. रक्ताचा एक थेंब आला, तो तिने पदराने पुसला आणि म्हणाली, "चांगलं व्हयनं. फिटनं मन्हं."

काय फिटलं? तिच्यावर होतंच काय? माझ्या तोंडातून निघून गेलं, "आक्का, घाटवरना खडा खोटा व्हता."

सगळं सांगितलं. डिक्की, भिंतीजवळचा दगड, होळी, आत्ता इथे ठेवला तोही. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल.

"लगनमा लोके मन्हा पाय देखेत," ती म्हणाली, "आनि तू मन्हाच पानवर जिलबी वाढी ऱ्हायंता!"

"हो."

"हो काय! दखाड. कोठे शे खडा?"

मी वाकलो. इथेच ठेवला होता. बुटाच्या टोकाशी. एक काळा दगड उचलला, तो फार गुळगुळीत वाटला. दुसरा उचलला, तो जड वाटला. एकाला कोपरा होता. खड्याला कोपरा होता का? सकाळपासून खिशात चाचपत होतो, पण नीट बघितला म्हणावं तर एकदाही नाही.

"हाऊ?" आक्का म्हणाली.

"नही... हाऊ असू शकस."

"माले काय इचारस? तुन्हा हातमा व्हता."

मी गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो. घाम डोळ्यांत जात होता. काळे दगड, ढलप्या, पुन्हा काळे दगड. आबा डिक्कीत तरी सुरक्षित होते, असाही एक विचार येऊन गेला. बऱ्याच वेळाने वर बघितलं तर ती रागावलेली दिसत नव्हती, विचारात दिसत होती.

"मंग कावळा कसाले शिवना, भाऊ?"

"माले नही समजत, आक्का. त्यानाच इचार करस मी."

"खडा आबा नव्हतात. पन कावळा मन्हं आयकीसन उना." ती स्वतःशीच हिशेब घालत होती. "म्हनजे मन्हं आयकनात ते. तू मधमा काही बी ठेव." आणि मग एकदम, "काढ बूट."

"काय?"

"बूट काढ तुन्हा. मन्हं येनं व्हई गयं. आते घालता येस माले."

मी बूट काढले. तिने नाडी न बांधता पाय सरकवले, उभी राहून दोनदा आपटून बघितले, आणि फटक फटक करत उताराला लागली. मी मोज्यांवर मागोमाग. पहिल्या दहा पावलांतच ढलप्या मोज्यातून लागायला लागल्या. त्या कशा लागतात ते मला तोवर माहीत नव्हतं. प्रत्येक काळ्या दगडाकडे वाकून बघायची खोडही सुटेना.

बोरीखालच्या म्हातारीने आक्काचे पाय बघितले, मग माझे. "भेटनात का लाकडं?"

"भेटनात," आक्का म्हणाली.

"आनि बूट?"

"भाऊनी दिनात. याले तठे एक दगड शोधना शे. हाऊ परत येई."

ती थट्टेने म्हणाली की मला शिक्षा सुनावली, ते कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. आक्का आता चपला घालते, आणि त्या दिवसाबद्दल कुणाकडे बोललेली नाही. मी त्यानंतर एकटा जाऊन आलो. बूट रस्त्यावरच काढून ठेवले होते. खाली गेलो, वर गेलो, परत खाली गेलो. ती खोडंच सापडली नाहीत.