आठ अंडी आणि लाल डोळे

साप घरात आणायचे म्हटल्यावर मी महिनाभर आकांडतांडव केलं होतं. तरी आज नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या घरात, वॉशिंग मशीनशेजारी, काचेच्या दोन पेट्यांत कॉर्न स्नेकची जोडी राहते. बिनविषारी, तपकिरी, आणि स्वभावाने माझ्यापेक्षा बरी.

माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला मराठी कळतं, पण उत्तर ती डचमध्येच देते. मादीने आठ अंडी घातली तेव्हा लेक आपणहून माझ्याकडे आली. पिल्लं कुठल्या रंगाची होतील, हे तिला जाणून घ्यायचं होतं. नर आणि मादी, दोघांच्याही आया लाल डोळ्यांच्या, फिक्या नारिंगी होत्या. म्हणजे तो रंग दोघांच्याही अंगात लपलेला होता. मला कोण आनंद झाला. पुण्यात पंधरा वर्षं मी बारावीला जीवशास्त्र शिकवलं होतं, आणि इथे आल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी पाठकोऱ्या कागदावर चौकट आखली, चार घरं भरली आणि बोर्डाच्या पेपरात लिहितात तसं उत्तराखाली दोन रेघा मारल्या. चारांत एक, म्हणून आठांत दोन. त्या भरवशावर तिने दोन मैत्रिणींना लाल डोळ्यांचं एकेक पिल्लू कबूल करून टाकलं.

दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली. आठही तपकिरी. लेक पेटीसमोर बसून पुन्हा पुन्हा मोजत राहिली. माझं डोकंच फिरलं. जोडी देणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थाने फसवलं अशी माझी खात्री झाली, आणि लेकीला घेऊन मी सायकलवरून थेट त्याच्या दारात गेले. त्याने आधी कॉफी दिली, मग दोन्ही आयांचे फोटो दाखवले. डोळे लालच होते.

"प्रत्येक अंडं स्वतःची चिठ्ठी नव्याने उचलतं," तो म्हणाला. "शेजारच्या अंड्याला काय मिळालं, ते त्याला ठाऊक नसतं."

लेकीला पटलं. दारातच उभं राहून तिने दोन्ही मैत्रिणींना कळवलं की हिशेब चुकला, लाल डोळ्यांचं एकही नाही. मी मात्र सायकल हातात धरून चालत निघाले. मला पुण्यातल्या माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली होती. तिच्या भावाला थॅलेसेमिया होता, आईवडील दोघंही वाहक, आणि आईला पुन्हा दिवस गेले होते. तास संपल्यावर तिने मला हळूच विचारलं होतं, बाळाचं काय होईल? मी घाईत होते. चारांत एक असतं, मी तिला सांगितलं, तो एक तुझा भाऊ झाला, आता काळजी करू नकोस. ती निर्धास्त होऊन गेली होती.

मला फार लाज वाटली. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून कालव्याच्या कडेने चालता चालता लेकीला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग तू तिला कळवलंस?" तिने मराठीत विचारलं.

तिचं नावसुद्धा मला आठवत नव्हतं.