नाकाशी गेलेला हात

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या पोटावर शौचाची पिशवी होती. ती बदलताना सिस्टर मला म्हणाल्या, "जवळ या, नीट बघून घ्या. घरी तुम्हालाच करायचंय."

मी पुढे झालो, पण वास आला आणि नकळत हात नाकाशी गेला. अण्णांनी ते पाहिलं.

"सिस्टर, मलाच शिकवा," ते हळूच म्हणाले. "त्याला लहानपणापासून असलं सोसत नाही."

सिस्टर कोमट पाण्याने पिशवीच्या जागेभोवतीची कातडी पुसत राहिल्या. आजारी माणसाला दुखण्याबरोबर आपल्या माणसांचे चेहरेही सोसावे लागतात, हे मला तेव्हा कळलं.

नवी पिशवी बसल्यावर अण्णांनी चादर ओढून घेतली आणि विचारलं, "चहा घेतलास का रे?"

मला मान वर करता आली नाही.