राखून ठेवलेली पाळी

होळीनंतरच्या रविवारी तुमचे आजोबा एका गुहेत ठार झाले आणि सोमवारी सकाळी चहा पिऊन नेहमीप्रमाणे केळीला पाणी द्यायला निघाले.

चिनू, ईशा, घाबरू नका. तुम्ही दिवाळीत इथे विसरलात, त्या खेळातली गुहा. त्याच्या नियमांच्या पुस्तकाला मी कव्हर घातलं आहे. (तुम्ही घातलं नव्हतं.)

खेळ बाहेर काढला तो नानांसाठी. कुसुमकाकू गेल्यापासून आजोबांचे हे धाकटे भाऊ शेजारच्या घरात असून नसल्यासारखे. दिवसाला दोन शब्द बोलत, ‘हो’ आणि ‘नको’. जेवायला बोलावलं की दुसरा. म्हटलं, या खेळात आपण काय करतो ते तोंडाने सांगावंच लागतं. निदान त्या निमित्ताने माणूस बोलेल.

तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली मी. लढाईचं प्रकरण दोन दिवसांत मराठीत उतरवलं, कार्बन लावून तीन प्रती काढल्या. फासा टाकून क्रम ठरवायचा. ज्याची पाळी, त्याने एकदा चालायचं, एक वार करायचा. बाकीच्यांनी गप्प बसायचं. वार करायचा नसेल तर पाळी राखून ठेवता येते. (‘पाळी’ऐवजी ‘डाव’ लिहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

गुहेत राक्षस आला. मीच राक्षस. आजोबांनी तलवार चालवली, ती हुकली. कुऱ्हाडवाल्या नानांची पाळी आली.

“मी पाळी राखी ठेवस,” नाना म्हणाले.

चार शब्द! मला भरून आलं. त्या भरात मी आजोबांना एक गदा हाणली.

पुढच्या फेरीत नाना पुन्हा तेच म्हणाले.

“अरे, तो माले मारी ऱ्हायना,” आजोबा म्हणाले. “कुऱ्हाड काय लाकडं फोडाले आणी शे?”

“दादा, तुन्ही पाळी नही. गप बठ.”

तिसऱ्या गदेला आजोबा गेले. नाना त्यांच्याकडे बघतही नव्हते. माझ्या कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “वहिनी, राखेल पाळी मरत नही ना?”

“नाही. राखलेली पाळी राहते,” मी सांगितलं. शाळेतल्या बाईंची सवय, दुसरं काय.

“मंग मन्ह्या तीन शेतस. कुसुम सुरतले दवाखानामा व्हती, तवयन्या.”

आपल्या विहिरीवर मोटर एक आणि भाऊ दोन. चार दिवस पाणी आजोबांचं, चार दिवस नानांचं. त्यालाही पाळीच म्हणतात. नाना सुरतला काकूच्या उशाशी बसले होते, त्या महिन्यात आजोबांनी त्यांच्याही तीन पाळ्या आपल्या केळीला दिल्या. नानांची पपई उभी वाळली. काकू गेली. परत आल्यावर नाना काही बोलले नाहीत. ‘सोडेल पाळी गई,’ एवढंच आजोबा म्हणाले होते. मीही गप्प बसले. माझी पाळी नव्हती ना.

सोमवारी आजोबा मळ्यात पोचले, तर मोटर चालू आणि पाणी पपईत. नाना बांधावर बसलेले, खिशात माझा कागद. थोड्या वेळाने दोघे चिखलाच्या पायांनी माझ्या पुसलेल्या ओटीवर उभे.

“मास्तरीण, इंग्रजीमा काय लिखेल शे, ते वाच,” आजोबा म्हणाले.

मी पुस्तक उघडलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, राखलेली पाळी ती फेरी संपेपर्यंतच. ते शेवटचे शब्द उतरवताना माझ्याकडून गळले होते. विद्यार्थ्याने गाळले असते, तर मी त्याला उभं केलं असतं.

नाना माझ्याकडे बघत होते. काकू गेल्यापासूनच्या दहा महिन्यांत ते न बोलावता पहिल्यांदाच आमच्या ओटीवर आले होते, आणि तेही भांडायला.

“खेळाडू राखलेली पाळी केव्हाही घेऊ शकतो,” मी वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा तेच वाचलं.

आजोबांनी मळ्यातून काढून आणलेली मोटरच्या पेटीची किल्ली पुन्हा नानांच्या हातात ठेवली. “बारा दिन तुन्हा,” म्हणाले. “पपई मरी गई व्हती, ते माले दिखायनं व्हतं.”

त्या बारा दिवसांत आपल्या केळीची पानं कडेने करपली. नाना मात्र रोज चहाला येऊ लागले. दोघे भाऊ माझ्यासमोर बसून भांडतात, एकेक करून, नियमाने.

काळजी एकच आहे. नानांना पुस्तक इतकं आवडलं, की ते मुळातून वाचायला माझ्याकडे इंग्रजी शिकू लागले आहेत. दीड महिना झाला, आम्ही अजून पहिल्या धड्यावर आहोत. इतकं वाईट मी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं.